शब्दचर्चा: 'पेगन मेटल'ला मराठीत काय म्हणायचं?

दुरुस्तीकार:
मँचेस्टरच्या 'विंटरफिलेथ' या मेटल (जड गिटारचं रॉक संगीत) बँडची तीनशे शब्दांत मराठी ओळख करून द्यायची आहे. पहिल्याच वाक्यात गाडं अडलंय. माझा कच्चा खर्डा: 'प्राचीन ब्रिटिश इतिहासापासून स्फूर्ती घेणारा मूर्तिपूजक मेटल बँड.' तपासणाऱ्यांनी 'मूर्तिपूजक'वर रेघ मारून समासात 'ख्रिस्तपूर्व?' असं लिहिलंय. मला दोन्ही शब्द खटकतात. 'पेगन'ला, म्हणजे ख्रिस्ती धर्माआधीचे जुने देव मानणाऱ्याला, काय म्हणता?

काना_मात्रा:
'ख्रिस्तपूर्व' तर मुळीच नको. मराठीत तो शब्द सनावळीसाठी राखीव झालाय, त्यामुळे वाचक इ.स.पू. असंच वाचणार. इंग्लंडमधले अँग्लो-सॅक्सन सहाव्या-सातव्या शतकात आपल्या देवांना भजत होते, म्हणजे ख्रिस्तानंतर सहाशे वर्षांनी. हवा तो अर्थ 'ख्रिस्तीपूर्व'मध्ये आहे, म्हणजे त्या मुलखात ख्रिस्ती धर्म पोचण्याआधीचा. फरक एका वेलांटीचा. पण मुद्रितशोधक ती वेलांटी चूक समजून उडवतात, म्हणून शब्द चालवायचाच असेल तर 'ख्रिस्ती-पूर्व' असं संयोगचिन्ह घालून लिहा.

पोथीनिष्ठ:
'मूर्तिपूजक' अर्थाने चूक आहे. रोमन इतिहासकार टॅसिटसने इ.स. ९८च्या सुमारास जर्मन टोळ्यांबद्दल लिहिताना सांगितलंय की देवांना भिंतींत कोंडणं किंवा माणसाचा चेहरा देणं त्यांना पटत नसे. झाडांच्या राया हेच त्यांचं देऊळ. त्यापेक्षा 'निसर्गपूजक' बरा.

अर्धचंद्र:
टॅसिटस मुख्य भूमीवरच्या टोळ्यांबद्दल बोलतोय, आणि तोही इंग्लंडातल्या मंडळींच्या पाचशे वर्षं आधी. पोप ग्रेगरीचं इ.स. ६०१चं पत्र बघा. इंग्लंडकडे निघालेल्या मेलिटस या धर्मप्रचारकाला तो लिहितो की देवळं पाडू नका, आतल्या मूर्ती फोडा, पवित्र पाणी शिंपडा आणि तीच जागा वापरा. मूर्ती नव्हत्याच तर फोडायच्या कशा? 'निसर्गपूजक' तर एकोणिसाव्या शतकातल्या कवींनी चढवलेला साज आहे. वोडन हा काही झाडाझुडपांचा देव नव्हे. राजघराणी त्याच्यापासून आपली वंशावळ सांगायची.

गावकूस:
व्युत्पत्तीकडे कुणीच कसं गेलं नाही? लॅटिन 'पागुस' म्हणजे हद्दीचे खुंट रोवून ठरवलेला गावाभोवतीचा मुलूख. आपलं 'शिवार' अगदी तसंच बनलंय: शीव म्हणजे हद्द, हद्दीच्या आतलं ते शिवार. 'पागानुस' म्हणजे शिवारातला माणूस. चौथ्या शतकात शहरं ख्रिस्ती झाली, खेडी जुन्या देवांना धरून राहिली, म्हणून 'खेडवळ'चा अर्थ 'जुन्या धर्माचा' झाला. इंग्रजीतला 'हीदन' हा 'हीथ'वरून, म्हणजे माळरानावरून आला असं बहुतेक कोश मानतात. तेव्हा सरळ 'गावरान मेटल' म्हणा. गावरान कोंबडी, गावरान तूप, गावरान मेटल. शब्दाला खमंगपणाही आहे.

पोथीनिष्ठ:
गावरान मेटल म्हटल्यावर लोक रस्सा मागतील.

काना_मात्रा:
गावकूस, 'पागानुस'चा दुसराही उलगडा आहे. रोमन शिपाई बिनलष्करी माणसाला तुच्छतेने तसं म्हणत. ख्रिस्ती लोक स्वतःला ख्रिस्ताचे शिपाई समजायचे, म्हणून उरलेले ते 'पागानुस'. यातला कोणता मार्ग खरा यावर विद्वानांचं एकमत नाही. एका उलगड्यावर अख्खा मराठी शब्द उभारू नका.

गावकूस:
मग 'पाखंड' घ्या. ध्वनीही जवळचा आहे, पेगन-पाखंड. मूळ एकच असणार.

काना_मात्रा:
नाही, ते निव्वळ कानाचं साम्य आहे. 'पाखंड' संस्कृत 'पाषंड'वरून आलाय; 'ष'चा 'ख' उत्तरेकडच्या उच्चारातून झाला. लॅटिन शब्दाशी त्याचा संबंध नाही. मात्र तुमच्या नकळत एक चांगली जोडी सापडलीय. अशोकाच्या गिरनार इथल्या बाराव्या शिलालेखात 'पासंड' म्हणजे कोणताही पंथ. सगळ्या पासंडांचा मान राखा, असं राजा सांगतो. शिवी नाही, साधा शब्द. पुढे आपल्या पंथाबाहेरचा तो पाखंडी झाला. 'पागानुस'चं नेमकं हेच झालं. तरी भाषांतरात नको, कारण आज 'पाखंडी' म्हणजे ढोंगी.

कानसेन:
बँड बाजूलाच राहिला, म्हणून दोन ठोस गोष्टी सांगतो.

पहिली: विंटरफिलेथवाले स्वतःच्या संगीताला 'इंग्लिश हेरिटेज ब्लॅक मेटल' म्हणतात. 'पेगन' ही बिल्ला लावणाऱ्यांची सोय. पेगन मेटल हे नाव विषयावरून पडतं (जुने देव, जुनी राज्यं, दफनाचे उंचवटे), तर फोक मेटल हे वाद्यांवरून: फिडल, बासरी, बॅगपाइप. एकच बँड दोन्हीत बसू शकतो, पण शब्द एकमेकांच्या जागी वापरता येत नाहीत. 'लोकधातुसंगीत' असं कुणी सुचवायच्या आत सांगितलेलं बरं.

दुसरी: मूळ मजकुरात 'ट्रेमोलो पिकिंग' आणि 'ब्लास्ट बीट' असणारच. त्यांचं काय केलंत?

दुरुस्तीकार:
ट्रेमोलो पिकिंगला 'झाला' लिहिलंय. ब्लास्ट बीटला 'चौगुन'.

कानसेन:
दोन्ही काढा. सतारीच्या झाल्यात बाजाच्या तारेवरचा एक आघात आणि मग चिकारीच्या बाजूच्या तारांवर भरणीचे आघात असतात, म्हणजे दोन जागांची देवाणघेवाण. ट्रेमोलोत एकाच तारेवर एकच स्वर, पिक वर-खाली-वर-खाली, भरणीला काही नाही. मेंडोलिन ऐका, तीच क्रिया. मिनिटाला २०० ठोक्यांची लय धरली आणि ठोक्याला चार आघात, तर मिनिटाला ८०० होतात, सेकंदाला तेरा. इतक्या वेगात पिकचं टोक तारेखाली जेमतेम मिलिमीटर-दीड मिलिमीटर जायला हवं. जास्त खोल गेलं की तार पिकला अडवते, मनगट आखडतं आणि चार आघातांतला एक गळतो. डिस्टॉर्शनमुळे (गिटारचा आवाज मुद्दाम फाडल्यामुळे) तो गळलेला आघात पटकन कळत नाही, स्वर नुसता गढूळ वाटतो. नवशिके मग गेन, म्हणजे त्या फाटण्याचं प्रमाण, आणखी वाढवतात आणि चिखल होतो. मराठीत 'एकाच तारेवर सलग उलटसुलट छेड' असं सोडवून लिहा, नाहीतर 'ट्रेमोलो' ठेवा.

'चौगुन' ठेक्याच्या पटीला म्हणतात, ब्लास्ट बीट ही हातापायांची विशिष्ट रचना आहे. साध्या प्रकारात किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) आणि स्नेअर (काठीने वाजवायचा तडतडणारा ड्रम) आळीपाळीने, झांज किकबरोबर. स्नेअर नेहमीसारखा दुसऱ्या-चौथ्या ठोक्यावर न पडता प्रत्येक किकच्या मधल्या फटीत पडतो, म्हणून ठेका सापडत नाही आणि वरचा स्वर संथ वाटतो. हा विरोधाभासच या संगीताचा प्राण. ताशाची तडतड आणि वर सनईचा लांब सूर, अशी उपमा चालेल. भाषांतर म्हणून मात्र नको.

पोथीनिष्ठ:
आणि 'डिस्टॉर्शन', 'गेन', 'पिक' तसेच? मग मराठीत उरलं काय, क्रियापदं? डिस्टॉर्शनला विज्ञानाच्या परिभाषेत 'विरूपण' आहे.

कानसेन:
विरूपण बरोबर आहे, प्रयोगवहीत. पेडलच्या खटक्यावर पाय ठेवणारा एकही माणूस तो शब्द वापरत नाही. 'बँड'चंही तेच. 'वाद्यवृंद' म्हटलं की हिंदी गाण्यांचा ऑर्केस्ट्रा आठवतो, नुसतं 'बँड' म्हटलं की वरात. पण 'मेटल बँड' म्हटलं की गोंधळ मिटतो, कारण वरात मेटलवर नाचत नाही. अजून तरी.

अर्धचंद्र:
'पेगन'हून मोठी चूक 'प्राचीन ब्रिटिश'मध्ये आहे. ब्रिटन लोक म्हणजे रोमनांच्या आधीपासूनचे केल्टिक भाषा बोलणारे लोक. सीझर इ.स.पू. ५५ आणि ५४ला येऊन गेला, क्लॉडियसची स्वारी इ.स. ४३ची. ६०-६१मध्ये आयसेनी टोळीच्या राणी बूडिकाने कोल्चेस्टर, लंडन आणि सेंट ऑल्बन्स जाळलं. लंडन आणि कोल्चेस्टरमध्ये खणताना त्या जळिताचा भाजलेल्या मातीचा लाल थर आजही लागतो. हा प्राचीन ब्रिटिश इतिहास. रोमन सत्ता ४१०च्या सुमारास संपली, त्यानंतर जम बसवला तो अँगल आणि सॅक्सन लोकांनी. त्यांनी ब्रिटनांना 'वेआल्ह' म्हटलं, म्हणजे परके. 'वेल्श' त्यातूनच आलं. घुसलेल्यांनी घरच्यांनाच म्लेंच्छ ठरवावं, तसं! वेल्श लोक स्वतःला 'कम्री' म्हणतात, म्हणजे देशबांधव.

विंटरफिलेथचं नाव जुन्या इंग्रजीतलं, २०१०च्या अल्बममध्ये मर्सिया हे इंग्लंडातलं जुनं राज्य. हा सगळा अँग्लो-सॅक्सन माल आहे. तेव्हा 'ब्रिटिश' नको.

दुरुस्तीकार:
मग 'प्राचीन इंग्रज इतिहास'?

काना_मात्रा:
'इंग्रज' आपल्याकडे पोर्तुगिजांमार्फत आला. आज्ञापत्रातल्या टोपीकरांच्या यादीत तो फिरंगी, वलंदेज, फरासीस यांच्या पंगतीत बसलाय. त्या शब्दाला कंपनी सरकारचा वास आहे. आठव्या शतकातल्या राजाला 'इंग्रज राजा' म्हटलं की डोळ्यांपुढे लाल डगला येतो. 'आंग्ल' लिहिलं तर आंग्लभाषा विद्यालय. 'अँग्लो-सॅक्सन' तसाच ठेवा.

पोथीनिष्ठ:
आणि 'प्राचीन'? युरोपीय कालविभागणीत ४१० ते १०६६ हा मध्ययुगाचा आरंभ.

अर्धचंद्र:
इथे मी 'प्राचीन'च्या बाजूने. मर्सियाचा ऑफा ७५७ ते ७९६ राज्यावर होता. वेरूळच्या कैलास लेण्याशी ज्याचं नाव जोडतात तो राष्ट्रकूट कृष्ण पहिला त्याचा समकालीन, आणि ते लेणं मराठी माणूस डोळे मिटून प्राचीन म्हणतो. मग ऑफा का नाही?

पोथीनिष्ठ:
पण मग ऑफा पेगन नव्हता, हेही लिहा. ख्रिस्ती होता. मर्सियाचा जुन्या देवांना मानणारा शेवटचा मोठा राजा पेंडा, तो ६५५मध्ये लढाईत पडला.

अर्धचंद्र:
मान्य. त्या ख्रिस्ती ऑफाने बगदादच्या खलिफाच्या दिनाराची नक्कल करून सोन्याचं नाणं पाडलं आणि अरबी मजकुराच्या मधे 'ऑफा रेक्स' उलटं छापलं. टाकसाळवाल्याला अरबीची खालची बाजू कळली नव्हती.

कानसेन:
मर्सियाबद्दल सावधान. देवनागरीत लिहिलं की मोहरमचा मर्सिया, म्हणजे शोकगीत वाचलं जातं. त्यात २०१२च्या अल्बमच्या नावात 'थ्रेनडी' आहे, म्हणजे खरोखरचं शोकगीत. एका परिच्छेदात दोन्ही आले तर वाचक हमखास फसणार. पहिल्या उल्लेखाला 'मर्सिया राज्य' असं लिहा.

गावकूस:
बँडच्या नावाचा अर्थ कुणी सांगेल का?

काना_मात्रा:
बीड नावाच्या अँग्लो-सॅक्सन ख्रिस्ती मठवाशाने ७२५मध्ये कालगणनेवर ग्रंथ लिहिला. त्यात जुन्या इंग्रजी महिन्यांची यादी आहे. विंटरफिलेथ म्हणजे ऑक्टोबरच्या सुमाराचा महिना: 'विंटर' आणि पौर्णिमा दाखवणारा 'फिलेथ'. त्या पौर्णिमेपासून हिवाळा धरत.

गावकूस:
म्हणजे कोजागिरी! भाषांतर झालं की.

पोथीनिष्ठ:
विशेषनामाचं भाषांतर करतात का कुठे?

कानसेन:
बँडची नावंच करतात, उलट दिशेने. न्यूकॅसलचा 'स्कायक्लॅड', १९९०चा, ज्याला बरेच जण पहिला फोक मेटल बँड मानतात. हा विक्का या आधुनिक पेगन पंथातला शब्द, विवस्त्र विधीसाठीचा. आकाश हेच वस्त्र. ओळखीचं वाटतंय?

गावकूस:
दिगंबर!

काना_मात्रा:
आणि इथे मात्र निव्वळ कानाचं साम्य नाही. जैन दिगंबरांबद्दल लिहिताना इंग्रजीत 'स्काय-क्लॅड' हे भाषांतर विक्काच्या आधीपासून होतं. शब्द आपल्याकडून गेला असं मानायला बरीच जागा आहे.

अर्धचंद्र:
बीडच्या यादीत आणखी गंमत आहे. चांद्र महिने आणि सौर वर्ष जुळवायला ते काही वर्षी उन्हाळ्यात एक जादा महिना घालत. 'लिथा' नावाचे दोन महिने असायचे, त्या वर्षी तीन होत. सरळसरळ अधिक मास.

गावकूस:
अधिक आषाढासारखा. त्यात धोंडे-अनारशांसारखं काही?

अर्धचंद्र:
ते बीड लिहीत नाही. पण मेच्या सुमाराच्या महिन्याचं नाव 'थ्रिमिल्के', कारण तेव्हा गायींची दिवसातून तीनदा धार काढत.

पोथीनिष्ठ:
धार 'काढतात' की दूध 'काढतात'? तीनदा धार म्हणजे 'तिधारी' होईल, आणि तो निवडुंग झाला.

गावकूस:
आमच्याकडे धार काढतात. 'दूध काढणे' हे डेअरीवाल्यांचं मराठी.

काना_मात्रा:
असं कसं? दोन्ही जुने आहेत. 'दोहणे' कुणाला आठवतं का?

दुरुस्तीकार:
मजकूर संध्याकाळी पाठवायचाय. 'अँग्लो-सॅक्सन काळापासून स्फूर्ती घेणारा पेगन मेटल बँड' असं ठेवतोय. 'पेगन'ला तळटीप देऊ का, की तसाच सोडू?

गावकूस:
तळटीपेत गावरान घाला. बाकी 'दोहणे' कोकणात ऐकू येतं का?