जिप्सीला लांब शॅकल टाकले, आता हायवेला गाडी सरळ राहीना

बावडेकर_जिप्सी:
गाडी जिप्सी किंग, पेट्रोल. शेत गगनबावड्याच्या अंगाला. हंगामात उसाच्या ट्रॉल्यांनी वाटेला असे चर पडतात की मधला उंचवटा पुढच्या डिफला (एक्सलच्या मधल्या गिअरच्या गोळ्याला) खरवडतोच. म्हणून दिवाळीनंतर चारी बाजूंना मूळपेक्षा ५० मिमी लांब शॅकल (स्प्रिंगच्या पाट्याचं टोक चासीला टांगणारे दुवे) टाकून घेतले. टायर मूळ मापाचेच, २०५/७० आर १५.

शेतात काही तक्रार नाही. पण किणी टोलनाक्याकडे निघालो आणि काटा ७० च्या वर गेला की गाडी हिंडायला लागते. शेजारून कंटेनर गेला की अर्धी लेन सोडते. तावडे हॉटेलजवळ वळण घेतलं तर स्टिअरिंग आपणहून परत येत नाही, हातानं ओढून आणावं लागतं. शिवाय सरळ रस्त्यावर स्टिअरिंग डावीकडे कललेलं.

अलाइनमेंटला नेली. पोरानं टो (चाकं पुढून आत-बाहेर किती वळलेली ते) लावून दिला. स्क्रीनवर कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागचा कल) लाल होता, डावा ०.९ आणि उजवा १.१ अंश. विचारलं तर म्हणाला, याला ॲडजस्टमेंटच नसते, सॉलिड एक्सल आहे. पैसे मात्र पूर्ण घेतले. वडील आता शेजारी बसायला तयार नाहीत. काय करू?

जोतिबा_फोरव्हील:
स्टिअरिंग डॅम्पर (स्टिअरिंगची थरथर शोषणारा शॉकॲब्सॉर्बर) गेला असणार. माझ्या गाडीला नवा टाकल्यावर थरथर बंद झाली. तेवढं करून बघा.

उद्यमनगरचा_मिलिंगवाला:
डॅम्परनं थरथर झाकली जाईल, पण कॅस्टर कुठून येणार? रोग स्क्रीनवर लाल अक्षरांत लिहिलाय की भावा.

सायकलचा चिमटा आठव. वरून मागे कललेला असतो. किंगपिनची (चाक ज्या खिळीवर वळतं तिची) रेषासुद्धा तशीच मागे कललेली लागते, म्हणून वळणानंतर चाक आपण होऊन सरळ येतं. जिप्सीला हा कल तीन-साडेतीन अंश असतो. तुझा एकावर आलाय. कारण पुढच्या पाट्याचा मागचा डोळा चासीला पक्का आणि शॅकल पुढच्या टोकाला. शॅकल लांब केलास म्हणजे पाट्याचं पुढचं टोक खाली गेलं आणि नमस्काराला वाकावं तसा अख्खा एक्सल पुढे झुकला. कॅस्टर गेला तो तिथं.

ॲडजस्टमेंट नसते हे पोराचं खरंच आहे. नट फिरवून काही होत नाही, पाटा आणि एक्सलच्या मधे पाचर घालावी लागते. तुला अडीच अंशाची लागेल. १०० मिमी लांबीला जाड टोक बारीक टोकापेक्षा साधारण ४.४ मिमी जास्त. एमएसच्या (साध्या पोलादाच्या) पट्टीतून मिलिंग करून घे. ॲल्युमिनियमची कुणी फुकट दिली तरी घालू नको, दाबाखाली तडकते आणि निसटते.

आता नीट वाच, इथंच लोक चुकतात. जिप्सीला मूळ रचनेत पाटा एक्सलच्या खाली असतो. म्हणून पाचरीचं जाड टोक पुढे. एक्सलची पुढची बाजू उचलली की माथा मागे जातो. कुणी पाटा एक्सलच्या वर घेतला असेल तर उलट, जाड टोक मागे. मागच्या वर्षी माझ्याकडं एक गाडी आली, पाचर उलटी घातलेली. मालक सांगत होता, शंभर मीटर चालवली आणि परत ढकलत आणली.

दुसरं, पाटे मधोमध एकत्र धरणाऱ्या सेंटर बोल्टचं डोकं. ते पाचरीच्या भोकातून वर येऊन एक्सलच्या बैठकीतल्या भोकात बसलं पाहिजे. नुसतं पाचरीत अडकलं तर जोरात ब्रेक मारल्यावर एक्सल पाट्यावरून सरकेल. उंच डोक्याचा बोल्ट घे. एक्सल पाट्याला बांधणारे यू बोल्टही नवे घे, जुने एकदा ताणलेले असतात. शंभरेक किलोमीटर झाले की परत कस.

आणि पाच अंशाची हाव धरू नको. कॅस्टर वाढला की पिनियन (डिफचं शाफ्ट जोडायचं तोंड) तेवढाच खाली बघतो, दोन्ही एकाच लोखंडात आहेत. शॅकलनं जेवढा वर उचलला गेला तेवढा खाली आला तर ठीक. त्याच्या पुढं गेलास तर फोर-व्हील लावल्यावर शाफ्टचा क्रॉस (सांधा) बोंबलेल.

टो सगळ्यात शेवटी. तुझा आत्ताचा टो वाया गेला असं समज.

अजून एक, वाईट वाटून घेऊ नको. शॅकल ५० मिमी लांब केला तर गाडी उचलली जाते निम्मी, २५ मिमी. आणि डिफ? तो एक्सलमध्येच आहे, तो तसूभरही वर आलेला नाही.

बावडेकर_जिप्सी:
काका, शेवटचं वाक्य वाचून चहा गार झाला. म्हणजे डिफ घासतोय तो घासतोयच?

उद्यमनगरचा_मिलिंगवाला:
घासणारच. तो फक्त टायरनं उचलतो. २१५/७५ आर १५ घातलास तर चाकाचा व्यास ३५ मिमीनं वाढतो, म्हणजे डिफ साडेसतरा मिमी वर. लिफ्टचा उपयोग एवढाच की मोठ्या टायरला वर जागा झाली.

आजरा_घाटी:
दोन गोष्टी जोडतो. एक्सल हवेत पूर्ण लोंबकळत ठेवून पुढचा ब्रेक होस (ब्रेकची रबरी नळी) बघा, स्टिअरिंग दोन्हीकडे फिरवून. ताठ दिसला तर आधी लांब होस. आणि शॅकलच्या बुशचे बोल्ट जॅकवर असताना आवळू नका, चाकं जमिनीवर टेकल्यावरच. नाहीतर रबर पिळलेलं राहतं आणि महिन्यात फाटतं. कललेलं स्टिअरिंग ड्रॅग लिंकच्या (स्टिअरिंग बॉक्सपासून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याच्या) लांबीनं सरळ होईल. स्टिअरिंग व्हील काढून दुसऱ्या दात्यावर बसवायचा आळशीपणा करू नका. त्यानं बॉक्सचा मध्य चुकतो.

हे करायच्या आधी चाक जॅकवर घेऊन वर-खाली धरून हलवा. खेळ लागला तर बेअरिंग किंवा किंगपिन. तो खेळ असताना मशीनवरचे आकडे कुणाचे मानायचे?

बावडेकर_जिप्सी:
रविवारी झालं. डाव्या चाकाला खेळ होताच, किंगपिनखालची एक शिम (पातळ चकती) कमी केली. पाचरी उद्यमनगरातच करून घेतल्या. पहिली बसवताना जाड टोक कुठं, यावर मिस्त्रीचं आणि माझं वाजलं, शेवटी त्याला वरची पोस्ट वाचून दाखवली. आता कॅस्टर डावा ३.२, उजवा ३.४. दुसऱ्या सेंटरला टो लावला, ड्रॅग लिंकनं स्टिअरिंग मधे आणलं. शिरोलीच्या पुलावर वारा होता तरी ८० ला एका हातानं सरळ गेली. वळणानंतर स्टिअरिंग हातातून सुळ्ळकन परत येतं, दोन दिवस तेच करून बघत होतो.

वडील रंकाळ्यापर्यंत शेजारी बसून आले. वरची कडी दोन्ही हातांनी धरून, पण आले.

२१५/७५ कुणी पुढे घातलेत का? पूर्ण वळणावर पाट्याला घासतात का तेवढं सांगा.