भाड्याचं वन बीएचके, खिळा ठोकायला बंदी आणि हातात पंचवीस हजार. हॉल कसा सजवू?

मधुरा_डों

नमस्कार मंडळी. वाचनमात्र होते, पहिल्यांदाच धागा काढतेय.

डोंबिवली पूर्वेला भाड्याने वन बीएचके घेतलंय. हॉल १० बाय १४. भिंतींना मळकट पांढरा डिस्टेंपर, खाली जुन्या मोझॅक लाद्या. डोक्यावर एकच ट्यूबलाइट. पश्चिमेला चार बाय चारची खिडकी, तिला स्प्रिंगच्या तारेवर आधीच्या भाडेकरूंचा पडदा. सामानात सासूबाईंचा सागवानी दिवाण (सहा फुटी, दणकट), बेडरूममध्ये न मावलेलं हिरवट करड्या रंगाचं लोखंडी कपाट, दोन प्लास्टिकच्या खुर्च्या. टीव्ही अजून खोक्यावर आहे. स्वयंपाकघरातला कडप्प्याचा ओटा मला आवडतो, त्याबद्दल प्रश्न नाही.

मालकांची अट: भिंतीला रंग नाही, नवीन खिळा नाही, नाहीतर डिपॉझिटमधून कापणार. बजेट सगळं धरून २५ हजार. नवऱ्याचं म्हणणं, हप्त्यावर एल आकाराचा सोफा घेऊ. मला वाटतं सोफा आला की चालायची जागाही संपेल आणि पैसेही.

आणि घर पुढच्या जागी हलवता आलं पाहिजे. दर दोन-तीन वर्षांनी बदलायचंच आहे.

---

उनाड_पारवा

सोपं आहे. मागचा कागद काढून चिकटवायचा वॉलपेपर ऑनलाइन मिळतो. विटांचं डिझाइन घे, एका भिंतीला लाव, दोन तासांचं काम. आणि वर रंगीत एलईडी पट्टी.

---

निशिगंधा७

पारव्या, डिस्टेंपर म्हणतेय ती. मधुरा, आधी भिंतीवर तळहात घासून बघ. पांढरी भुकटी हाताला लागली तर त्या भिंतीवर काहीही चिकटवू नकोस. वॉलपेपरही नाही आणि ते चिकटपट्टीचे हूकही नाहीत. ते गुळगुळीत ऑइल पेंटवर, टाइल्सवर, लोखंडी कपाटावर छान धरतात. भुकटीवर धरले तर दोन दिवसांत पडतात, आणि काढायला गेलीस तर खालच्या पापुद्र्यासकट निघतात. मग मालक आहेतच. त्यातून पश्चिमेची भिंत, पावसाळ्यात ओल आली तर कागदाच्या मागे बुरशी धरेल आणि तुला दिसणारही नाही.

---

बॅकस्टेजवाला

मधुरा, मी आयुष्यभर नाटकांच्या मागे काम केलं. सेट उभा करणे, प्रॉपर्टी लावणे, पुढे लाइट्स. सावित्रीबाई फुले नाट्यगृहापासून गावोगावच्या पत्र्याच्या मंडपापर्यंत. त्यामुळे माझं उत्तर घर सजवणाऱ्याचं नाही, सेट लावणाऱ्याचं आहे. पटलं तर घ्या.

सेटवर पहिला प्रश्न एकच असतो: बघणारा कुठे बसलाय? पहिल्या रांगेच्या कोपऱ्यातून जे दिसत नाही, त्यावर निर्माता रुपया खर्च करू देत नाही. तुम्ही दारातून आत येता तेव्हा नजर कुठे जाते ते बघा. मग बसता तिथून बघा. बहुतेक हॉलमध्ये या दोन नजरा मिळून एकच भिंत आणि एक कोपरा भरतो. पंचवीसपैकी निम्म्याहून जास्त पैसे तिथे लावा आणि उरलेली खोली गुपचूप राहू दे. लोक पंचवीस हजार दहा ठिकाणी दोन-अडीच हजार करून वाटतात, आणि मग खोलीत वस्तू वाढतात, खोली बदलत नाही.

दुसरं, आणि माझ्या मते पहिल्याहून महत्त्वाचं: ती ट्यूबलाइट संध्याकाळी बंद ठेवा. वरून सपाट पडणारा पांढरा उजेड ओल, भेगा, मळकट डिस्टेंपर सगळं सारखंच दाखवतो. दिव्याच्या खोक्यावर रंगाचा आकडा असतो. ६५०० म्हणजे निळसर पांढरा, आपल्याकडे घरोघरी तोच. २७०० ते ३००० म्हणजे जुन्या पिवळ्या बल्बचा उजेड. आम्ही दिव्यापुढे अंबर जिलेटिन (पिवळसर पारदर्शक रंगीत कागद) लावून जे करायचो ते आता शंभरेक रुपयांच्या एलईडीत मिळतं. असे तीन दिवे घ्या, प्रत्येकी ७ ते ९ वॅट, आणि तिन्ही छातीच्या उंचीखाली ठेवा. एक दिवाणाच्या डोक्याशी, एक टीव्हीच्या मागे भिंतीकडे तोंड करून, एक कपाटाच्या विरुद्ध कोपऱ्यात जमिनीवर, कुंडीच्या मागे. बल्ब स्वतः कुठूनही डोळ्यांत येता कामा नये, भिंतीवरचा उजेड तेवढा दिसावा. शेड म्हणून वेताची टोपली उलटी घाला, मातीची भोकं पाडलेली कुंडी घाला, काहीही चालतं, फक्त आत एलईडीच हवा, हॅलोजन नाही, आणि कापडाला टेकता कामा नये. एक्स्टेन्शन बोर्ड तीन पिनी, आयएसआयचा घ्या. तिथे पैसे वाचवू नका आणि वायर सतरंजीखालून नेऊ नका. भाजी निवडायला, अभ्यासाला ट्यूब आहेच.

आता भिंत. रंगवता येत नाही ना? मग दुसरी भिंत आणा.

नाटकातल्या घराच्या भिंती म्हणजे लाकडी चौकटीवर ताणलेलं कापड. त्याला आम्ही फ्लॅट म्हणतो. तुमचा दिवाण सहा फुटी, तर त्याच्या मागे तीन फूट रुंद आणि सात फूट उंच असे दोन फ्लॅट, मधे बिजागऱ्या, म्हणजे पुस्तकासारखे मिटतात आणि घर बदलताना टेम्पोत आडवे जातात. लाकूड दोन बाय एक इंचाच्या पट्ट्या, एका फ्लॅटला तेवीस फूट लागतात (दोन उभ्या, तीन आडव्या). कोपऱ्यांना प्लायचे त्रिकोण मारायचे, नाहीतर चौकट तिरकी होते. सुताराचं अर्ध्या दिवसाचं काम.

त्यावर कोरं मांजरपाट. धुऊन घेऊ नका, मुद्दाम सांगतोय. आधी कडेच्या मध्यावर पिना मारायच्या, मग मध्यापासून कोपऱ्यांकडे जायचं. कोपऱ्यापासून सुरुवात केली की मधे पोट सुटतं. मग फेविकॉल आणि पाणी, एकास चार, ब्रशने सगळीकडे. वाळताना कोरं कापड आवळतं आणि ढोलकीसारखं ताठ होतं. जुने लोक यासाठी सरस उकळायचे, त्याचा वास अजून माझ्या नाकात आहे.

रंग: गेरू. किराणा किंवा पूजेच्या सामानाच्या दुकानात मिळतो तोच. थोडी पिवडी घातली की विटकरीपणा कमी होऊन उबदार होतो. तो गाळून त्याच फेविकॉलच्या पाण्यात कालवा, दोन हात द्या. पहिला उभा, दुसरा आडवा. हात थोडा कमीजास्त झाला तर उत्तम, सपाट रंग छापील दिसतो. आणि हा रंग ६५०० च्या उजेडात मेल्यासारखा तपकिरी दिसतो, पिवळ्या उजेडात पेटतो. म्हणून दिवे आधी, रंग नंतर. दुकानातल्या पांढऱ्या उजेडात रंग ठरवू नका.

उभं राहायला खिळा लागत नाही. भिंतीला टेकवायचं आणि दिवाण पुढून घट्ट लावायचा. दिवाण कुठेही जात नाही. मागे हवा खेळती राहते, त्यामुळे ओल आली तरी कळते. लाकूड, कापड, बिजागऱ्या, रंग, सगळं अडीच-तीन हजारांत, सुताराची मजुरी वेगळी.

दिवाणावर सोलापुरी चादर टाका, एकाच रंगाची, आणि दोन लोड. सोफा नको. सोफा म्हणजे खोलीत कायमचा पाहुणा, त्याच्या मर्जीने बाकी सगळं ठेवावं लागतं.

---

निशिगंधा७

काका, फ्लॅटची आयडिया मी ढापतेय. __/\__

मधुरा, पडद्याचं मी सांगते, शिवणकाम हा माझा प्रांत. विकतचे तयार पडदे घेऊ नकोस, घरात सुती साड्या असतील त्या बघ. पाचवारी साडी साडेपाच मीटर भरते, मधोमध कापली की पावणेतीन मीटरचे दोन पडदे. रुंदी साधारण ४५ इंच, दोन मिळून नव्वद. तुझी खिडकी ४८ इंचांची, म्हणजे जवळजवळ दुप्पट कापड. तेवढं असलं की चुण्या नीट पडतात, त्याहून कमी असलं की पडदा चादर वाळत घातल्यासारखा दिसतो. काठ उभे येतात, तेच सुंदर दिसतं. पदर वरच्या बाजूला दुमडून टाक किंवा कापून उशांना वापर.

रेशमी घेऊ नकोस. पश्चिमेच्या उन्हात रेशीम विरतं, आईची साडी असेल तर जन्मभर हळहळशील. सुतीलाही मागून मांजरपाटाचं अस्तर लाव, रंग टिकतो आणि ऊन आत येत नाही.

ती स्प्रिंगची तार मात्र आजच काढ. मधे झोळ पडतो आणि त्या झोळामुळे अख्खी खिडकी गरीब दिसते. तार अडकवायचे हूक आधीचेच आहेत ना? त्याच भोकांत दांडीचे ब्रॅकेट बसतात का बघ, म्हणजे नवीन खिळा नाही. नाहीतर खिडकीच्या चौकटीच्या आत अडकणारा स्प्रिंगचा रॉड घे, पण मग पडदा चौकटीपुरताच. ब्रॅकेट बसले तर पडदा जमिनीपर्यंत सोड, खिडकी छोटी असली तरी.

---

उनाड_पारवा

रंगीत एलईडी पट्टीबद्दल कोणीच काही बोललं नाही. :(

---

बॅकस्टेजवाला

पारवा, निळा-जांभळा उजेड आम्ही भुताच्या प्रवेशाला ठेवायचो.

---

रंधा

माझं फर्निचरचं छोटं वर्कशॉप आहे, उल्हासनगर बाजूला. धंद्याच्या विरुद्ध सांगतो.

टीव्ही युनिट ऑनलाइन घ्यायचं मनात असेल तर वर्णनात 'इंजिनियर्ड वूड' लिहिलंय का बघा. बहुतेक वेळा तो पार्टिकल बोर्ड असतो, म्हणजे भुसा आणि डिंक दाबून. आपल्या पावसाळ्यात कडेने पाणी लागलं की फुगतो आणि पुन्हा बसत नाही. एकदा खोलून दुसऱ्या घरात जोडला की स्क्रू धरत नाही. तुम्हाला तर घर बदलायचंच आहे. प्लायच घ्यायचा असेल तर शिक्का वाचा: आयएस ३०३ वर बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्यालाही टिकणारा) लिहिलेला हॉलला पुरतो. आयएस ७१० म्हणजे मरीन, तो ओल्या जागेसाठी, हॉलमध्ये उगाच महाग.

पण खरं म्हणजे नवीन काही घेऊच नका. डोंबिवलीत जुन्या इमारती धडाधड रिडेव्हलपमेंटला चालल्यात. लोकांना सागवानी टेबलं, शोकेस, वेताच्या खुर्च्या नव्या फ्लॅटमध्ये न्यायच्या नसतात आणि ते भंगारच्या भावात काढतात. सोसायटीच्या वॉचमनला सांगून ठेवा. माल बघताना वस्तू उलटी करा. टाचणीच्या टोकाएवढी भोकं आणि खाली ताजी भुकटी दिसली तर आत कीड चालू आहे, सोडून द्या. सांध्यांत काळे ठिपके दिसले तर ढेकूण, त्याहून लवकर सोडून द्या. लाकूड निरोगी असेल तर डाग, ओरखडे यांना घाबरू नका, पॉलिशवाला ते काढतो. आणि मेलामाइनचा (रासायनिक पॉलिशचा) आग्रह धरू नका, लाखेचं पॉलिश घरच्या घरी पुन्हा मारता येतं.

कपाटाचं: ते लोखंडी कपाट टाकू नका, तसा पत्रा आता मिळत नाही. १२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, गंज असेल तिथे रेड ऑक्साइड, वरून मॅट इनॅमलचे दोन हात. स्प्रे करून घेतलंत तर आणखी साफ. रंग भिंतीच्या जवळचा द्या, म्हणजे ते भिंतीत विरतं.

---

मधुरा_डों

सगळ्यांचे खूप आभार, धागा वाचनखुणेत टाकलाय. तळहात घासून बघितला, पांढरा झाला. म्हणजे वॉलपेपर बाद.

नवऱ्याला काकांचं 'कायमचा पाहुणा' वाचून दाखवलं. तो म्हणाला, तुझे मामा येतात तेव्हा असं म्हणत नाहीस. सोफा मात्र तूर्तास रद्द.

काल रात्री ट्यूब बंद करून फक्त टेबल लॅम्प जमिनीवर ठेवून बघितला. कपाट दिसेनासंच झालं! कच्चा हिशेब असा: दिवे, होल्डर, बोर्ड मिळून दोन हजार, फ्लॅट सुतारासकट चार, दांडी आणि अस्तर दीड, कपाटाचा रंग दोन, चादर-लोड अडीच. बारा झाले. उरलेल्यात टीव्हीसाठी सागवानी काहीतरी आणि दोन वेताच्या खुर्च्या शोधते. वॉचमनकाकांना सांगून ठेवलंय, ते म्हणाले शेजारच्या सोसायटीत गणपतीनंतर खाली करायला सुरुवात होणार आहे.

दोन शंका. दिवाणावर टेकून बसलं की गेरू पाठीला लागेल का? आणि मांजरपाट किती मीटर, कुठल्या पन्ह्याचं घेऊ?

---

बॅकस्टेजवाला

लागेल, फेविकॉल कमी पडला तर नक्की लागेल. पूर्ण वाळल्यावर पांढरं फडकं घासून बघा. लाल झालं तर वरून नुसत्या फेविकॉलच्या पाण्याचा एक हात, या वेळी एकास तीन. तरी डोकं टेकतं तिथे लोड ठेवा, केसांच्या तेलाचे डाग कापडावरून निघत नाहीत.

पन्हा: चौकट ३६ इंच, मागे वळवायला दोन्हीकडे तीन-तीन, म्हणजे ४२. चव्वेचाळीस पन्ह्याचं मिळालं तरी पुरतं, अठ्ठेचाळीस असेल तर ओढायला हात चांगला बसतो. लांबी एका फ्लॅटला साडेसात फूट, दोन्ही मिळून पाच मीटर घ्या. निशिगंधाताईंच्या अस्तराचं त्याच ताग्यातून वेगळं मोजून घ्या, पण ते आधी धुवा. फ्लॅटचं धुवायचं नाही. पिशव्या वेगळ्या ठेवा.

---

निशिगंधा७

अस्तर सहा मीटर. आटतं.