मदत हवी आहे: वर्डमधले टेक्स्ट बॉक्स जागेवर राहत नाहीत

सोसायटीच्या गणपतीची स्मरणिका यंदा माझ्या गळ्यात पडलीय. लेख, अहवाल आणि मधे मधे जाहिराती, काही पाव पान काही अर्धं पान. डीटीपीवाल्याला द्यायला पैसे नाहीत म्हणे, म्हणून सगळं वर्डमध्येच. जाहिरातींसाठी इन्सर्टमधून ड्रॉ टेक्स्ट बॉक्स घेतले, नीट बसवले, पण सेक्रेटरींनी मनोगतात दोन परिच्छेद वाढवले की संपलंच, तिसऱ्या पानावरचा किराणावाला चौथ्यावर आणि दातांचे डॉक्टर थेट श्रद्धांजलीच्या डोक्यावर. फिक्स पोझिशन ऑन पेज करून बघितलं, तरी उडतातच.

दुसरं म्हणजे बॉक्समधल्या पहिल्या ओळीची वरची बाजू कापली जाते. 'हार्दिक शुभेच्छा'चं 'हादिक शुभेच्छा' दिसतंय, रफारच गायब! आणि प्रत्येक बॉक्सला ती काळी चौकट आपोआप येते ती कशी घालवायची? कुणाला माहीत असेल तर प्लीज सांगा, छपाईला द्यायचंय लवकर.

– कुसुमाग्रजनगरची काकू

---

काकू, चौकटीचं सोपं आहे. बॉक्सच्या आत नाही, कडेवर क्लिक करा (तुटक रेघ जाऊन सलग रेघ दिसली की बॉक्स सिलेक्ट झाला), मग शेप फॉरमॅट, शेप आउटलाइन, नो आउटलाइन. एक बॉक्स मनासारखा झाला की कंट्रोल दाबून तो ओढा, तशीच कॉपी मिळते. प्रत्येक वेळी नवा काढत बसू नका.

– टंकलेखक

---

रफाराचं कारण लाइन स्पेसिंग. कुठून तरी कॉपी केलेल्या मजकुराबरोबर 'एक्झॅक्टली' सेटिंग आलं असणार. अक्षर १६ चं आणि ओळ १२ पॉइंटची असेल तर वरच्या मात्रा, रफार, अनुस्वार सगळं छाटलं जातं, इंग्रजीत हे एवढं कळून येत नाही कारण तिथे डोक्यावर काही नसतं. मजकूर सिलेक्ट करा, पॅराग्राफमध्ये जाऊन सिंगल करा किंवा 'ॲट लीस्ट'.

– अनुस्वार

---

मूळ प्रश्न राहिलाच की. काकू, बॉक्स पानाला चिकटलेला नसतो हो, तो एका परिच्छेदाला बांधलेला असतो. त्याला अँकर म्हणतात. तो परिच्छेद पुढच्या पानावर गेला की बॉक्सही त्याच्या मागोमाग. फिक्स पोझिशनने फक्त पानावर वर-खाली-डावीकडे कुठे ते ठरतं, कोणतं पान ते अँकरच ठरवतो. फाइल, ऑप्शन्स, डिस्प्लेमध्ये ऑब्जेक्ट अँकर्सवर टिक करा, बॉक्सवर क्लिक केल्यावर समासात छोटा नांगर दिसेल. किराणावाल्याचा नांगर नक्की मनोगताच्या एखाद्या परिच्छेदाला असणार, बघा.

उपाय असा की जाहिरातींची पानं वेगळी ठेवा. लेख संपला की पेज ब्रेक, पुढच्या पानावर एक रिकामा परिच्छेद, त्या पानावरच्या सगळ्या बॉक्सचे नांगर ओढून त्याला बांधायचे आणि लेआउट ऑप्शन्सच्या सी मोअरमध्ये जाऊन लॉक अँकर करायचं. मग सेक्रेटरींना लिहू दे किती लिहायचं ते, पान पुढे सरकेल पण जाहिराती पानाबरोबर एकत्र सरकतील.

– मोकळा वेळ

---

माझं मत विचाराल तर पाव पान जाहिरातींना टेक्स्ट बॉक्स वापरूच नका. दोन ओळी दोन कॉलमचं टेबल घाला, रो हाइट 'एक्झॅक्टली' करून ठेवा, चार जाहिराती चार खणांत. नांगर नाही, काही नाही. टेक्स्ट बॉक्स ठेवा मुखपृष्ठापुरता.

– टंकलेखक

---

टेबल चालेल, पण रो हाइट एक्झॅक्टली असेल तर खणात न मावलेला मजकूर दिसतच नाही, तेवढं तपासा. टेक्स्ट बॉक्सचंही तेच, जास्तीचं खाली लपतं. लेखाचा उरलेला भाग दुसऱ्या बॉक्समध्ये न्यायचा असेल तर क्रिएट लिंक आहे, दुसरा बॉक्स मात्र पूर्ण रिकामा पाहिजे, नाहीतर लिंक होत नाही.

– अनुस्वार

---

सगळ्यांचे आभार! अँकर दिसायला लागले आणि काय सांगू, सात जाहिराती एकाच परिच्छेदाला बांधलेल्या, तो पण अध्यक्षांच्या मनोगताचा. पेज ब्रेक करून हलवल्या, आता शांत आहेत. रफारही आला. पाव पानवाल्यांना टेबल केलं, अर्ध्या पानाचे बॉक्सच ठेवले. आता मुखपृष्ठावर मूर्तीच्या फोटोवर मंडळाचं नाव टाकलंय तर मागे पांढरा डबा दिसतोय?

– कुसुमाग्रजनगरची काकू

---

शेप फिल, नो फिल. आणि प्रेसला वर्ड फाइल पाठवू नका, सेव्ह ॲज करून पीडीएफ द्या, त्यांच्याकडे तुमचा फाँट नसला तर पुन्हा सगळं हलेल.

– मोकळा वेळ