बारावीनंतर थेट एमबीबीएस, की आधी अमेरिकेत प्री-मेड? मुलासाठी विचारतेय

शाहूपुरीची_आई
नमस्कार. आम्ही साताऱ्याचे. मुलगा यंदा बारावी झाला, नीटला ७२० पैकी ४३८ आले. सरकारी सीट लागणार नाही हे दिसतंयच आणि खासगीची फी झेपणारी नाही. माझा भाऊ न्यू जर्सीला असतो. तो म्हणतो, इकडं पाठव, राहणं-खाणं माझ्याकडं, चार वर्षं प्री-मेड, म्हणजे मेडिकलआधीची पदवी, करू दे आणि मग मेडिकल. ह्यांचं म्हणणं, चार वर्षं नुसत्या तयारीत घालवायची? तेवढ्यात इथली पोरं एमबीबीएस संपवत आणतात. प्री-मेडचा खरंच उपयोग होतो का? कुणी केलंय का?

मिरजकर
ताई, एक वर्ष ड्रॉप घेऊन परत नीट द्यायला लावा. आता वयाची वरची अटही नाही.

कृष्णाकाठची
ताई, मी केलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते. मी सांगलीची, विश्रामबागेतली. बारावी विलिंग्डनला झाली. मग बाबांच्या नोकरीमुळं ग्रीन कार्डवर, म्हणजे अमेरिकेत कायम राहायच्या परवान्यावर, आम्ही सगळे ओहायोला आलो. इथंच पदवी, मग मेडिकल, आणि आता इंटर्नल मेडिसिनची रेसिडेंट आहे, म्हणजे हॉस्पिटलात काम करत पुढचं प्रशिक्षण घेतेय.

आधी एक स्पष्ट करते. अमेरिकेत प्री-मेड नावाची वेगळी पदवी नसते. पदवी इतिहासात घ्या नाहीतर संगीतात, चालतं. सोबत बायॉलॉजी, केमिस्ट्री, ऑरगॅनिक, फिजिक्स हे सगळं लॅबसकट करावं लागतं, बऱ्याच ठिकाणी बायोकेमिस्ट्रीही. मग एमकॅट, म्हणजे इथली मेडिकलची प्रवेश परीक्षा. चहापाण्याच्या सुट्ट्या धरून साडेसात तास जातात आणि गुण ४७२ ते ५२८ मध्ये मोजतात. त्यात एक भाग फक्त उतारे वाचून विचार करण्याचा असतो आणि २०१५ पासून मानसशास्त्र-समाजशास्त्राचाही आहे. बारावीला ऑरगॅनिकच्या रिॲक्शन्स मी पाठ करायचे. इथं पेपरात कधी न पाहिलेली रिॲक्शन देतात आणि ती तशीच का होते ते विचारतात. औषधं शिकताना ही सवय फार उपयोगी पडली.

पण मला सर्वात जास्त दिलं ते नर्सिंग होममधल्या कामानं. मेडिकलला अर्ज करताना रुग्णांसोबत काम केलेलं असावं अशी अपेक्षा असते, म्हणून मी नर्सिंग असिस्टंटचं प्रशिक्षण घेतलं. अंघोळ घालणं, डायपर बदलणं, जागेवर पडून असलेल्यांची ठरलेल्या वेळी कूस बदलणं. ते चुकलं की कमरेला जखम होते, आणि ती भरायला महिने जातात. पक्षाघात झालेले एक आजोबा होते. त्यांना ताठ बसवून, हनुवटी जरा खाली ठेवून, अगदी छोटा घास द्यायचा, तो गिळला हे बघायचं आणि मगच पुढचा. घाई केली की अन्न श्वासनलिकेत जातं आणि न्यूमोनिया होतो. मेडिकलला हा धडा आला तेव्हा बाकीचे शब्द पाठ करत होते, माझ्या डोळ्यांसमोर आजोबांचं ताट होतं.

आणि याच काळात माझ्या बरोबरच्या कितीतरी जणांनी डॉक्टर व्हायचं सोडलं. कुणी फिजिओथेरपीकडं गेलं, कुणी संशोधनात. चांगलंच झालं! आपल्याकडं अठराव्या वर्षी सीट घेतली की मागं फिरायला वाट राहत नाही. फी भरलेली असते, घरात पेढे वाटून झालेले असतात. प्री-मेडचा खरा फायदा मला हा वाटतो: स्वतःला तपासायला वेळ मिळतो आणि पाय मागं घेतला तरी हातात पदवी असते.

आता तुमच्या मुलाचं. तो स्टुडंट व्हिसावर येणार. इथली बरीच मेडिकल स्कूल नागरिक किंवा ग्रीन कार्डवाल्यांनाच घेतात. जी बाहेरच्यांना घेतात त्यांतली काही, चारही वर्षांचे पैसे आधीच वेगळे ठेवून दाखवा म्हणतात. मामा इथं आहे म्हणून यात काही सूट नाही. आणि पदवीची फीच आपल्या खासगी कॉलेजपेक्षा जड जाऊ शकते. राहण्याखाण्याची सोय झाली तरी फी उरतेच.

हे ऐकलं की एजंट लगेच कॅरिबियन नाहीतर फिलिपिन्समधली मेडिकल कॉलेजं सुचवतील. परत जाऊन साताऱ्यात प्रॅक्टिस करायची असेल तर परदेशी मेडिकल पदवीसाठीचे १८ नोव्हेंबर २०२१ चे भारताचे नियम वाचा: किमान ५४ महिन्यांचा वैद्यकीय अभ्यासक्रम, वर १२ महिन्यांची इंटर्नशिप, आणि दोन्ही त्याच परदेशी संस्थेत. चार वर्षांच्या एमडीचे (तिकडं डॉक्टरकीची पहिली पदवी हीच) ४८ च महिने होतात. प्री-मेडचे महिने घालून आकडा फुगवला नाही ना, ते लेखी विचारा.

झूलॉजीवाले_सर
मी साताऱ्यात बी.एस्सी.ला शिकवतो. भारतात बी.एस्सी.चे एमबीबीएस प्रवेशाला जास्तीचे गुण मिळत नाहीत, नीट सगळ्यांना एकच. पण आधी कॉलेज, मग मेडिकल ही पद्धत आपल्याला नवी नाही. जुने डॉक्टर इंटर सायन्सचा बी ग्रुप (बायॉलॉजीचा) करूनच मेडिकलला गेले. अमेरिकेतही वैद्यकीय शिक्षणावरच्या १९१० च्या फ्लेक्सनर अहवालानं मेडिकलआधी किमान दोन वर्षं कॉलेज हवं असा आग्रह धरला होता. माझे काही विद्यार्थी एफ.वाय.ला राहून परत नीट देतात. प्रॅक्टिकलला हात चालू राहतो आणि नाही लागली तर वर्ष वाया जात नाही.

शाहूपुरीची_आई
सर, ताई, खूप आभार. ग्रीन कार्डचं भावानं काहीच सांगितलं नव्हतं, आज रात्रीच फोन करते. मुलाला वाचून दाखवलं तर म्हणाला, मला ते घास भरवायचं काम आधी करून बघायचंय. इथं असं कुठं करता येईल?

कृष्णाकाठची
ओळखीच्या डॉक्टरांना नाहीतर जवळच्या वृद्धाश्रमात विचारा, महिनाभर रोज दोन तास येऊ द्याल का म्हणून. सुरुवातीला फक्त बसू दे, बोलू दे. भरवणं नर्सबाईंनी समोर उभं राहून शिकवल्यावरच. आणि हेपॅटायटिस बीची लस झालीय का ते आधी बघा.