अंडं उबवायचंय म्हणून तरी पोरगं चाललं!

डहाणूकरचा_बाप: आमचे चिरंजीव नववीत. शाळा, क्लास आणि पलंग, एवढंच त्यांचं जग. "खाली खेळायला जा" म्हटलं की "खाली आहे कोण?" हे उत्तर, आणि ते खोटंही नाही. मे महिन्यात त्याने पोकेमॉन गो, म्हणजे खरोखर फिरत फिरत काल्पनिक प्राणी पकडायचा मोबाईलवरचा गेम, डाउनलोड केला, तेव्हा मी कपाळाला हात लावला होता. पण त्यात अंडी मिळतात. कुठलं २ किलोमीटर चालल्यावर फुटतं, कुठलं ५, कुठलं १०. स्कूटरवर मागे बसून भागत नाही, वेग वाढला की अंतर धरत नाहीत. आता साहेब रोज संध्याकाळी म्हात्रे पुलापर्यंत चालत जाऊन येतात. मोबाईल काही सुटणार नाही, मग त्यानेच पोरांना घराबाहेर काढलं तर बिघडलं कुठे?

रानवारा: नव्याचे नऊ दिवस हो. हा गेम २०१६ मध्ये आला, त्याच वर्षी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये त्यावर अभ्यास आला होता. पहिल्या आठवड्यात रोज सरासरी ९५५ पावलं जास्त, आणि सहाव्या आठवड्यात गाडी मूळ पदावर. ९५५ पावलं म्हणजे जेमतेम दहा मिनिटं! जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयाच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं व्यायाम सांगते, तोही दम लागेल असा. मान खाली घालून दर पन्नास पावलांवर थांबणं त्यात कसं बसवायचं?

डहाणूकरचा_बाप: तो अभ्यास अमेरिकेतल्या १८ ते ३५ वयाच्या आयफोनवाल्यांचा होता. नववीतल्या पोराचं माप त्यावरून नका काढू. आणि पलंगावरच्या शून्यापेक्षा दहा मिनिटं बरी.

मुक्काम_पोस्ट: आमच्या गावात या गेमचे थांबे, म्हणजे गेममधल्या वस्तू मिळायच्या खऱ्या जागा, इनमिन दोन. एक मारुतीचं देऊळ, एक पोस्ट. कंपनीच्या आधीच्या इन्ग्रेस नावाच्या गेममध्ये खेळणाऱ्यांनी सुचवलेल्या जागांवरून बरेचसे थांबे आले. जिथे खेळणारेच नव्हते तिथे जागा कोण सुचवणार? अर्थात आमची पोरं चार किलोमीटर सायकल मारून शाळेत जातात, त्यांना अंड्यांची गरज नाही. हा सगळा शहरी आजारावरचा शहरी काढा आहे.

चकली: मुलीचं कोणी बोलतच नाहीये. माझी आठवीत आहे. संध्याकाळी सातला, हातात फोन, लक्ष स्क्रीनवर आणि एकटी? मी नाही सोडत. मग मीच बरोबर जाते. माझं वजन दोन किलो उतरलं, तिचं माहीत नाही. :)

पीटीचा_तास: मी शाळेत हाच विषय शिकवतो. (परीक्षा जवळ आली की आमचा तास गणिताला जातो, ते असो.) मैदान मैदान करणाऱ्यांना एक विचारतो. क्रिकेटची टीम पाडताना शेवटपर्यंत उरलेली दोन पोरं आठवतात का? एक जाडा, एक चष्मेवाला. त्यांना बाउंड्रीपलीकडे उभं करायचं किंवा स्कोर लिहायला बसवायचं. पुढे ती मैदानाकडे फिरकतही नाहीत. चालायच्या गेममध्ये त्यांना कोणी हसत नाही. हरले तरी कळतं कोणाला? मी असल्या पोरांसाठी गेमच्या बाजूने आहे. जी आधीच रोज फुटबॉल खेळतात, त्यांच्या हातात मात्र कृपया देऊ नका.

रानवारा: सर, मुद्दा पटला, निम्मा. पण सवय कंपनीच्या मर्जीवर टांगलेली राहते त्याचं काय? याच कंपनीने २०१९ मध्ये हॅरी पॉटरचा तसलाच गेम काढला, जानेवारी २०२२ मध्ये बंद केला. पोकेमॉन गोसुद्धा २०२५ मध्ये दुसऱ्या कंपनीला विकला. पोरगं रोज कुठून कुठे जातं ही माहिती कोणाकोणाकडे फिरणार? शिवाय ॲप बंद असतानाही पावलं मोजायची सोय असल्यामुळे फोन नुसता हलवत ठेवणारी यंत्रंसुद्धा विकत मिळतात. पोरं आपल्यापेक्षा हुशार आहेत.

डहाणूकरचा_बाप: यंत्रं कशाला? काल बघतो तर चिरंजीव पलंगावर आणि हिशोबात चार किलोमीटर! फोन धाकटीच्या खिशात, धाकटी खाली सोसायटीत पकडापकडी खेळतेय. रोजचे दहा रुपये ठरलेत म्हणे. तिने आता पंधरा मागितलेत.