ड्रेजरच्या बाजूला दोन काळे गोळे : त्यांचा नेमका अर्थ काय?

मोरा_लाँच :
परवा सकाळी भाऊच्या धक्क्यावरून मोरा बंदराकडे जाताना गाळ उपसणारे एक जहाज जवळून पाहिले. त्याच्या डोलकाठीवर एकाखाली एक गोळा, पतंगासारखा चौकोन आणि पुन्हा गोळा असे काळे आकार होते; शिवाय एका बाजूला दोन गोळे आणि दुसऱ्या बाजूला दोन चौकोन टांगलेले होते. नांगराची साखळी ताणलेली स्पष्ट दिसत असूनही नांगरलेल्या जहाजाचा नाळेकडचा, म्हणजे पुढच्या टोकाकडचा, एकटा गोळा मात्र नव्हता. मी परीक्षेची तयारी करत आहे आणि दोन गोळे म्हणजे जहाज ताब्यात नाही, म्हणजे बिघाडासारख्या कारणाने ते वळवता येत नाही, असे वाचले आहे. मग हे जहाज एकाच वेळी काम करत होते आणि ताब्यातही नव्हते, असे समजावे का? आमच्या तांडेलांनी लाँच चौकोनांच्या बाजूने काढली, ती नियमाने की सवयीने?

निवृत्त_दर्यावर्दी :
तांडेलांनी नियमानेच काढली. १९७२ च्या टक्कर टाळण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमांतला २७ वा नियम शांतपणे वाचावा. डोलकाठीवरचे गोळा, चौकोन, गोळा एवढेच सांगतात की कामामुळे या जहाजाला हवे तसे वळता येत नाही. गाळ उपसताना एका बाजूला पाइप किंवा तारा पसरून अडथळा होत असेल, तर त्या बाजूला दोन गोळे आणि जिथून इतरांनी जायचे त्या बाजूला दोन चौकोन लावतात. असे जहाज नांगरलेले असले, तर नांगराच्या गोळ्याऐवजी हीच चिन्हे ठेवायची असतात. म्हणून तो गोळा आपल्याला दिसला नाही, आणि हे आपण टिपले याचे मला फार कौतुक वाटते.

ताब्यात नसलेल्या जहाजाचे दोन गोळे, सर्वांत चांगले दिसतील अशा जागी, एकाखाली एक असतात आणि त्यांच्या जोडीला चौकोन नसतात. तो मदतीचा इशाराही नव्हे. मी वळू शकत नाही, तुम्ही वळा, एवढेच त्यातून सांगायचे असते. तिसरा गोळा दिसला तर ते जहाज रुतलेले आहे. आकार किमान ०.६ मीटर व्यासाचे आणि एकमेकांपासून किमान १.५ मीटर अंतरावर असावे लागतात. २० मीटरपेक्षा लहान नौकांना मात्र त्यांच्या मापाचे चालतात. आधी संख्या, मग जागा, आणि मगच अर्थ, असा क्रम ठेवावा.

ससून_डॉक :
मासेमारीचे चिन्ह मी मुलांना डमरू म्हणून शिकवतो, कारण दोन शंकू टोकाला टोक लावून उभे असतात. ट्रॉलर नसलेल्या नौकेचे जाळे १५० मीटरपेक्षा लांब पसरले असेल, तर त्या दिशेला टोक वर केलेला आणखी एक शंकू लावतात. पूर्वी लहान नौकांना डमरूऐवजी टोपली लावण्याची मुभा होती. डमरू दिसले की नाळ कुठे आहे ते पाहून थांबू नका, जाळे कुठे आहे ते शोधा.

मोरा_लाँच :
मनापासून आभार. रात्री हीच चिन्हे दिव्यांत बदलताना गोळ्याला लाल आणि चौकोनाला पांढरा, असे धरले तर चालेल का?

निवृत्त_दर्यावर्दी :
डोलकाठीपुरतेच. तिथे लाल, पांढरा, लाल असे दिवे असतात. पण बाजूच्या दोन चौकोनांच्या जागी दोन हिरवे आणि दोन गोळ्यांच्या जागी दोन लाल दिवे येतात. रात्री हिरव्यांच्या बाजूने जावे.