‘मान्सून’ इंग्रजी म्हणून कापायचा का?

डिचोलीची शिक्षिका

सातवीच्या एका मुलीने निबंधात लिहिलं होतं, ‘मे संपत आला की आजी म्हणते, मान्सून जवळ आला, पुरुमेंत आटपायला हवं.’ पेपर तपासणाऱ्या सहकाऱ्यांनी ‘मान्सून’वर लाल रेघ मारली, बाजूला ‘पावसाळा’ लिहिलं आणि अर्धा गुण कापला. शब्द इंग्रजी आहे म्हणून. ‘पुरुमेंत’ला हात लावला नाही. पावसासाठी आमसुलं, सुकं मासं, मिरच्या, कांद्याच्या माळा भरून ठेवणं म्हणजे पुरुमेंत, आणि तो शब्द पोर्तुगीज ‘प्रोव्हिमेंतु’वरून आलेला. पण तो घरातला, म्हणून सुटला.

मला हे पटलं नाही. ‘मान्सून’चं मूळ अरबी ‘मौसिम’. ज्या धातूपासून तो बनला त्याचा अर्थ खूण करणं. मौसिम म्हणजे खूण करून ठेवलेली वेळ. अरब खलाशांच्या तोंडी तो समुद्र ओलांडायचा हंगाम झाला. पोर्तुगीजांनी तो त्यांच्याकडून घेतला आणि सोळाव्या शतकाच्या अखेरीस तो इंग्रजीत पोचला. तोच मौसिम फारसीच्या वाटेने आपल्याकडे ‘मोसम’ होऊन आला. ‘आंब्याचा मोसम’ लिहिलं तर कोणी रेघ मारत नाही. एकाच घरचे दोन भाऊ, एक जमिनीवरून आला, एक दर्यावरून.

पण माझं दुसरं म्हणणंही आहे आणि ते त्या मुलीच्याही थोडं विरुद्ध जातं. मान्सून म्हणजे पाऊस नव्हे, वाऱ्याचा काळ. पणजीच्या पुराभिलेखागारात लिस्बनशी झालेल्या सरकारी पत्रव्यवहाराचे खंड आहेत, त्यांना ‘राज्याचे मान्सून’ अशाच अर्थाचं पोर्तुगीज नाव आहे. जहाजं मार्च-एप्रिलात लिस्बनहून सुटायची, सप्टेंबरच्या सुमारास गोव्याला लागायची आणि डिसेंबर-जानेवारीत परतायची. त्या फेरीबरोबर आलेली-गेलेली पत्रं म्हणजे त्या वर्षाचा मान्सून. खुद्द पावसाळ्याला हेच लोक ‘इन्व्हेर्नु’, म्हणजे हिवाळा, म्हणत.

सत्तरीचा बागायतदार

बाई, मूळ अरबी की पोर्तुगीज हा वाद मला घालायचाच नाही. माझं दुखणं वेगळं आहे. सत्तरी तालुक्यातल्या आमच्या वडिलांना ‘मान्सून’ हा शब्द ठाऊक नव्हता आणि त्यावाचून त्यांचं काही अडलं नाही. ७-८ जूनला मिरग, म्हणजे मृग नक्षत्र, लागला की भाताच्या रोपांचा तरवा टाकायचा. पुढे आडदरा, म्हणजे आर्द्रा, मग तरणा पाऊस, मग म्हातारा. पुनर्वसूचा तो तरणा, पुष्याचा तो म्हातारा. प्रत्येक नक्षत्राच्या पावसाची चाल वेगळी, म्हणून नावं वेगळी. आता माझा मुलगा मोबाइलवर ‘मान्सून अपडेट’ बघतो. तरणा कुठला नि म्हातारा कुठला, त्याला सांगता येत नाही. एक शब्द घरात घेतला आणि चार गेले. तुमच्या सहकाऱ्यांची रेघ मला कडक वाटते, पण चुकीची वाटत नाही.

पणजीचा बातमीदार

दोघांनाही विरोध. शब्दाचा अर्थ त्याच्या जन्मपत्रिकेत नसतो, आज लोक तो कशासाठी वापरतात यात असतो. ‘मान्सून गोव्यात दाखल’ असं मी लिहितो तेव्हा वाचकाला पाऊसच कळतो आणि त्याला तेच हवं असतं. हवामान खातंसुद्धा केरळात मान्सून आला असं जाहीर करताना १४ ठरावीक केंद्रांपैकी निदान ६० टक्के ठिकाणी सलग दोन दिवस २.५ मिलिमीटर किंवा जास्त पाऊस झाला का ते बघतं. पाऊस नको म्हणता, मग ही मोजणी कशाची?

डिचोलीची शिक्षिका

नियम पूर्ण सांगा ना, दादा. पावसाबरोबर नैऋत्येचा वारा किती उंचीपर्यंत नि किती वेगाने वाहतो हेही बघतात. नुसत्या पावसावर भागत असतं तर मे महिन्यातल्या वळवालाच मान्सून म्हणून जाहीर केलं असतं. आणि ईशान्य मान्सूनचं काय? तमिळनाडूला तो भिजवतो. त्याच वाऱ्यात आपल्याकडे आकाश कोरडं असतं, अंगणात वाळवण घालता येतं. मान्सून म्हणजे पाऊस असं शिकलेल्या मुलाला हे कसं समजावायचं? वर्गात रोज याच जागी गाडी अडते, म्हणून कळकळीने लिहिते आहे.

काणकोणचा दर्यावर्दी

आमच्या किनाऱ्याच्या दक्षिणेला, कारवारसमोर, अंजदीव बेट आहे. १४९८ साली वास्को द गामा आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या मालिंदीहून एप्रिलअखेर निघाला. सोबत वाटाड्या होता, वारा पाठीशी होता. २० मे रोजी तो कालिकतजवळ पोचला, म्हणजे महिनाही लागला नाही. परतताना मात्र ५ ऑक्टोबरला तो याच अंजदीवहून सुटला. वारा अजून फिरला नव्हता. आफ्रिकेचा किनारा दिसायला जानेवारी १४९९ उजाडला. जवळजवळ तीन महिने. हिरड्या सुजून, अंग काळवंडून माणसं मेली. समुद्र तोच, जहाजं तीच. मौसिम पाळला नाही, एवढंच.

म्हणून मी बाईंच्या बाजूचा. आमच्या घरी हा शब्द पुस्तकातून आलेला नाही. जूनच्या तोंडावर होड्या वर ओढून चुडतांनी, म्हणजे माडाच्या झावळ्यांनी, झाकायच्या, जाळी काढून एकेक डोळा तपासायचा, नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ द्यायचा. यांत्रिक होड्यांना १ जून ते ३१ जुलै अशी सरकारी बंदी असते, तिच्या कितीतरी आधीपासून हे चालत आलं आहे. पाऊस थांबला तरी दर्या खवळलेला असतो, तेव्हा आत जाता येत नाही. उलट पाऊस पडत असूनही वारा मवाळला असेल तर जुने लोक ‘आता उघडला’ म्हणतात. आमचा हिशेब पावसावर नाही.

पणजीचा बातमीदार

हे मला ठाऊक नव्हतं. तरी बातमीच्या मथळ्यात ‘नैऋत्य मोसमी वारे दाखल’ लिहिलं तर छत्री घ्यायची की नाही हे वाचणाऱ्याला कळणार नाही. मथळ्यात मी ‘मान्सून’च ठेवणार. आत, पहिल्या परिच्छेदात, वाऱ्याचं लिहीन. तेवढं मान्य.

सत्तरीचा बागायतदार

दर्यावर्दी बाब, तुमचं वाचून एक ध्यानात आलं. तुमचा वाऱ्याचा हिशेब आहे, तसा माझा मातीचा आहे. तुमचा शब्द मी कापणार नाही. पण मग माझ्या आडदऱ्याला, म्हाताऱ्यालाही निबंधात जागा हवी. बाई, तुमच्या वर्गात कोणी ‘तरणा पाऊस’ लिहिलं तर गुण मिळतील की ती बोली म्हणून पुन्हा रेघ?

डिचोलीची शिक्षिका

मिळतील. सहकाऱ्यांशी आज बोलले. अर्धा गुण परत द्यायला ते तयार झाले, ‘मान्सून’ प्रमाण मराठीत मानायला अजून तयार नाहीत, त्यावर आमचं चालूच राहील. त्या मुलीला मी पेपर देताना विचारलं, आजी खरंच मान्सून म्हणते का? ती म्हणाली, ‘नाही बाई, आजी मिरग म्हणते. मला वाटलं, पेपरात ते चालणार नाही.’